सहावी ते आठवीचा पट तिरका वाचा

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही उच्च प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलामागे पटाचा फळा असतो. इयत्ता, मुलगे, मुली, एकूण, आणि त्याखाली संवर्गनिहाय आकडे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांच्या भेटीत, ग्रामसभेत बहुतेक वेळा या फळ्यावरचा शेवटचा एकच आकडा वाचला जातो. गेल्या वर्षी ११४, यंदाही ११४. म्हणजे पट टिकला, असं म्हणून विषय संपतो. पण ११४ हा आकडा तसाच राहूनही शाळेतून मुलं गेलेली असू शकतात. सहावी ते आठवीच्या वयात हे फार सहज होतं.

समजा एका शाळेचे तीन वर्षांचे आकडे असे आहेत:

२०२२-२३: सहावी ४१, सातवी ३८, आठवी ३६. एकूण ११५.
२०२३-२४: सहावी ३९, सातवी ४०, आठवी ३५. एकूण ११४.
२०२४-२५: सहावी ४४, सातवी ३३, आठवी ३७. एकूण ११४.

आडवं वाचलं तर काहीच घडलेलं नाही. उभं वाचलं तर सहावी वाढली, सातवी घटली, एवढंच कळतं. आता तिरकं वाचा, म्हणजे तीच मुलं पुढच्या वर्षी पुढच्या वर्गात किती राहिली ते पाहा. पहिल्या वर्षाच्या सहावीतली ४१ मुलं सातवीत ४० झाली, आठवीत ३७. हे ठीकच म्हणायचं. पण दुसऱ्या वर्षाची सहावी ३९ ची होती आणि तिसऱ्या वर्षी सातवीत ३३ उरली. एका वर्षात सहा मुलं कमी. नव्या सहावीत जास्त मुलं आल्यामुळे एकूण आकड्यात ती सहा झाकली गेली. पट टिकला असं म्हणणाऱ्या बैठकीत या सहा मुलांचा विषय निघतच नाही.

तिरकी ओळसुद्धा पूर्ण खरं सांगत नाही, कारण ३३ मध्ये बाहेरून आलेली दोन मुलं असतील तर गेलेली मुलं सहा नसून आठ आहेत. म्हणून आकड्यावरून नावांवर यावं लागतं. गेल्या वर्षीच्या सहावीचं हजेरीपत्रक समोर घ्यायचं आणि प्रत्येक नावापुढे चारपैकी एक खूण करायची: वर्गोन्नत होऊन इथेच आहे; दाखला नेऊन दुसऱ्या शाळेत गेला; दाखला न नेता गेला; नाव आहे पण मूल येत नाही. तीस-चाळीस नावांच्या वर्गाला अर्धा-पाऊण तास पुरतो. पहिल्या दोन खुणांची मुलं सापडलेली असतात. तिसऱ्या आणि चौथ्या खुणेची नावं वेगळ्या कागदावर उतरवायची. गळती ती हीच. ती टक्क्यात मांडण्याआधी नावांनी मांडलेली असावी.

सहावीचा आकडा बहुतांशी त्या शाळेच्या हातात नसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. महाराष्ट्रात पूर्वी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी रचना होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी हे टप्पे आले. कागदावर टप्पे बदलले तरी अनेक वस्त्यांवरच्या शाळा अजून चौथीला किंवा पाचवीला संपतात, काही सातवीला संपतात, आणि मोठ्या गावातली अनुदानित हायस्कुलं पाचवीपासूनच वर्ग चालवतात. त्यामुळे मूल निसटण्याच्या जागा तीन: चौथीनंतर, पाचवीनंतर आणि सातवीनंतर. कायद्याच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. पाचवीपर्यंत हे अंतर एक किलोमीटर आहे. वस्तीवरची शाळा एकवरून तीन किलोमीटरवर गेली, मध्ये ओढा असला, पावसाळ्यात वाट बंद होत असली, तर पाचवी पास झालेली मुलगी घरी बसते. हा तोटा आठवीपर्यंतच्या शाळेच्या पटावर कधीच नोंदला जात नाही, कारण ती मुलगी त्या पटावर आलेलीच नसते.

म्हणून संक्रमण दर, म्हणजे पाचवीतली किती टक्के मुलं सहावीत पोचली ते काढताना आजूबाजूच्या शाळांचे पाचवीचे पट हाताशी हवेत. समजा तीन वस्त्यांच्या शाळांमधून गेल्या वर्षी पाचवीत १८, १४ आणि २१ मुलं होती. एकूण ५३. यंदा आपल्या सहावीत ४४ आहेत. घाईने भागाकार केला तर ८३ टक्के येतात. पण त्या ४४ पैकी ५ मुलं परगावाहून नोकरी-मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची असतील, तर आपल्या वस्त्यांमधली ३९ च आली, म्हणजे ७३.६ टक्के. उरलेली १४ कुठे आहेत? कुणी हायस्कूलमध्ये, एखादं नवोदय विद्यालयात, कुणी आश्रमशाळेत, कुणी तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात. हे सगळं चांगलंच आहे, पण १४ ही नावं एकेक करून जुळली पाहिजेत. अकरा जुळली आणि तीन जुळली नाहीत, तर काम त्या तीन घरांत आहे. वस्तीवरच्या शिक्षकांना ही मुलं नावानिशी माहीत असतात. एक फोन पुरतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो केला तर उपयोग आहे. सप्टेंबरात केला तर मूल दोन-अडीच महिने मागे पडलेलं असतं, आणि मागे पडलेलं मूल वर्गात यायला लाजतं.

सप्टेंबरवरून ३० तारखेचा विषय निघतो. वर्षानुवर्षं शाळांच्या माहितीसाठी आणि संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट हा संदर्भ मानला गेला. हिशेबाला एक दिवस ठरवावाच लागतो, यात वाद नाही. अडचण अशी की महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ३० सप्टेंबरला गाव भरलेलं असतं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात आणि गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. बीड, जालना, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यात एकाच शाळेचे सप्टेंबरचे आणि जानेवारीचे वर्ग दोन वेगळ्या शाळांचे वाटावेत इतके निराळे दिसतात. पालघर-रायगडकडे कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तीही दिवाळीनंतर, आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यात सहावी ते आठवीचं वय सर्वांत अडचणीचं. पहिलीतलं मूल आजीजवळ ठेवता येतं. बारा वर्षांची मुलगी मात्र फडावर धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, भाकरी करायला हवी असते, आणि तेरा वर्षांचा मुलगा मोळ्या वाहायला.

म्हणून ३० सप्टेंबरच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा कायम लिहावा: जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची सरासरी उपस्थिती. काढायची रीत साधी आहे. त्या आठवड्यातल्या रोजच्या हजर मुलांची बेरीज करून कामाच्या दिवसांनी भागायचं. ११४ च्या पटात सरासरी ७९ आली, तर ३५ मुलं कुठे आहेत याचं उत्तर शाळेकडे असायला हवं. स्थलांतर होणार हे दसऱ्याच्या आधी माहीत असतं. त्या वेळी पालकांशी बोलून मुलाला हंगामी वसतिगृहात ठेवता येतं का ते पाहावं, आणि मूल जाणारच असेल तर त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यावं. कार्डावर इयत्ता आणि अभ्यास कुठवर झाला हे लिहिलेलं असलं, की कारखान्याजवळच्या शाळेला त्याला योग्य वर्गात बसवता येतं. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारण्याचं कारण मानत नाही, आणि वयाच्या पुराव्याबद्दल चौदावं कलम तेच सांगतं.

शाळाबाह्य कोणाला म्हणायचं यावर गावोगाव गोंधळ असतो. पटावर नाव आहे म्हणजे शाळेत आहे, असं धरलं जातं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हापासून वापरात असलेली व्याख्या स्पष्ट आहे: कधीच दाखल न झालेलं, किंवा दाखल होऊनही एक महिन्यापेक्षा जास्त काळ सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य. म्हणजे पटावरचं मूलही शाळाबाह्य असतं. हजेरीपत्रकात सलग लाल रेघ महिना ओलांडते त्या दिवशी त्याचं नाव बालरक्षकाच्या, म्हणजे शाळाबाह्य मुलांना परत आणण्याचं काम करणाऱ्या शिक्षकाच्या, यादीत जायला हवं. पट कमी दिसेल म्हणून ते लपवलं, तर त्या मुलाला मिळू शकणारी मदत आपणच अडवतो.

पट फुगवण्याचा इतिहासही या राज्याला आहे. त्यामुळेच ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली आणि तपासणी झालेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावण्यात आली. पुढे सरल (राज्याची) आणि यू-डायस प्लस (केंद्राची) या शाळांच्या ऑनलाइन नोंद प्रणालींवर प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आली, आणि संच मान्यतेसाठी आधार जुळलेली मुलंच धरण्याकडे कल गेला. हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्यक्षात मात्र खरी, वर्गात बसलेली मुलंही गणनेतून बाहेर पडू लागली, आणि त्याची कारणं अगदी किरकोळ असतात.

आधार पडताळणीत नाव, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायमच्या प्रवेश नोंदवहीत, आपल्याकडे बहुधा आडनाव आधी लिहितात, आधारवर ते शेवटी असतं. काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे असतं. जन्मतारखेत सर्वांत जास्त सापडणारा फरक म्हणजे आधारवर १ जानेवारी. जन्मदाखल्याशिवाय, अंदाजे साल सांगून कार्ड काढलं की हीच तारीख पडते. शिवाय पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते. ती राहून गेली असेल तर सहावीतल्या मुलाचं आधार निष्क्रिय झालेलं निघू शकतं.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नये. आधी जन्मदाखला मिळवा. तो जनरल रजिस्टरशी जुळत असेल, तर आधार दुरुस्त करा. आधारशी जुळावं म्हणून रजिस्टरमध्ये खाडाखोड कधीही करू नका. जनरल रजिस्टर हा मुलाच्या आयुष्यभराचा दस्तऐवज आहे, आणि त्यातला बदल वरिष्ठांच्या लेखी मंजुरीनेच, लाल शाईने, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख टाकून होतो. आधार नाही म्हणून प्रवेश मात्र थांबवायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही हे स्पष्ट केलेलं आहे.

दुसरी गफलत यू-डायस प्लसच्या ड्रॉपबॉक्समध्ये होते. मूल शाळा सोडून गेलं की जुनी शाळा त्याची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये टाकते, आणि नव्या शाळेने मुलाच्या कायम शिक्षण क्रमांकावरून (यू-डायस प्लसवरचा त्याचा स्वतःचा क्रमांक) ती आपल्याकडे ओढून घ्यायची असते. नवी शाळा घाईत त्याची नवीनच नोंद करते. मग एकच मूल दोनदा दिसतं, आणि जुनी नोंद ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहिल्याने ते गळतीतही मोजलं जातं. सातवीला संपणाऱ्या शाळांमध्ये हे दरवर्षी होतं, कारण अख्खा वर्ग एकदम हायस्कूलला जातो. उपाय एकच: दाखल्यावर कायम शिक्षण क्रमांक आणि शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक ठळक लिहून द्यायचा. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तसा नसेल तर मूल दुसऱ्या राज्यातून आलेलं आहे आणि त्याची नोंद तिथून मागवावी लागेल. नंतर महिन्याभराने ड्रॉपबॉक्स उघडून कोण उरलंय ते पाहायचं.

आता संवर्ग. यू-डायसच्या नमुन्यात सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग असे चारच रकाने असतात. राज्याच्या नोंदीत विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क, ड, विशेष मागास प्रवर्ग हे वेगळे असतात. त्यामुळे एकाच शाळेचे दोन तक्ते जुळत नाहीत आणि कोणीतरी जुळवण्यासाठी आकडे ढकलतं. ढकलू नका; कोणता संवर्ग कुठल्या रकान्यात मिळवला ते तक्त्याखाली एका ओळीत लिहा.

धर्माचा रकाना संवर्गापासून स्वतंत्र आहे, हे महाराष्ट्रात विशेष जपावं लागतं. १९९० च्या कायदा दुरुस्तीपासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींचा दर्जा कायम राहतो. म्हणजे एक मूल अनुसूचित जातीतही आहे आणि बौद्ध म्हणून अल्पसंख्याकांतही. शाळेत अनुसूचित जातीची ३० आणि अल्पसंख्याक २६ म्हणून ५६ अशी बेरीज करणारे अहवाल सर्रास दिसतात. त्यातली २० मुलं दोन्हीकडे असतील तर खरा आकडा ३६ आहे. आणि प्रवेशाच्या वेळी जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' किंवा नुसतं 'बौद्ध' लिहिलं, तर दहा-पंधरा वर्षांनी जातपडताळणीत त्या मुलाची दमछाक होते, कारण तिथे शाळेची हीच नोंद पुरावा म्हणून मागतात. पालकांकडून जात, पोटजात आणि धर्म वेगवेगळं विचारून, त्यांच्या कागदावरून लिहायचं. आडनावावरून अंदाज करायचा नाही, कधीच नाही.

मातृभाषेच्या रकान्यात शाळा मराठी माध्यमाची म्हणून सगळीकडे 'मराठी' भरलं जातं. मेळघाटातल्या वर्गात घरी कोरकू बोलणारी, धडगावात पावरी, गडचिरोलीत गोंडी, तांड्यावर बंजारा बोलणारी मुलं बसलेली असतात. हा रकाना खरा भरला, तर सहावीतलं मूल इतिहासाच्या पुस्तकाजवळ का अडखळतं हे कळतं. दिव्यांगांच्या रकान्याचंही असंच. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, पण नोंद होते ती बहुधा चटकन दिसणाऱ्या अपंगत्वाची. अध्ययन अक्षमता, कमी ऐकू येणं, सिकलसेल, थॅलेसेमिया हेही त्या यादीत आहेत. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या शाळांनी सिकलसेलचा प्रकार मुद्दाम तपासावा.

मुलींचं प्रमाण वाचताना एक काळजी घ्या. आठवीत २१ मुली आणि १६ मुलगे असतील, तर मुलामागे मुलींचं प्रमाण १.३१ येतं. हे पाहून गावात मुलींच्या शिक्षणाला अग्रक्रम आहे असं लिहू नये. पुष्कळदा त्याच घरातला मुलगा फी भरून इंग्रजी शाळेत गेलेला असतो आणि मुलगी फुकट शाळेत राहिलेली असते. प्रमाण गावाचं काढा, शाळेचं नाही. टक्क्यांचंही तसंच: २४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ४.२ टक्के. 'गळती चार टक्क्यांनी वाढली' या वाक्यापेक्षा 'एक मुलगी गेली, तिचं लग्न ठरतंय' हे वाक्य शाळा व्यवस्थापन समितीला जास्त कामाचं आहे, आणि ते लगेच सांगायला हवं.

या आकड्यांवर काय काय टांगलेलं असतं तेही पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीला दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी एक. शिवाय दर ३५ मुलांमागे किमान एक. म्हणजे १०५ पर्यंत तीन, आणि १०६ वं मूल चौथ्या शिक्षकाचं कारण ठरतं. शंभरावर पट गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. प्रत्यक्ष पदं मात्र राज्याच्या संच मान्यतेच्या निकषांनी ठरतात. २८ ऑगस्ट २०१५ चा शासन निर्णय १५ मार्च २०२४ ला बदलला, म्हणून जुना तक्ता भिंतीवर असेल तर आधी तो काढा. पोषण आहार पटावर नाही, त्या दिवशीच्या हजेरीवर शिजतो: सहावी ते आठवीला दर मुलामागे १५० ग्रॅम धान्य. ९६ हजर असतील तर १४.४ किलो, ११४ धरले तर १७.१. महिन्याच्या धान्याला १५० ग्रॅमने भागून आलेला आकडा हजेरीच्या बेरजेशी जुळला नाही, तर दोन्हींपैकी एक वही चुकलेली आहे.

फळा बदलायला फार लागत नाही. इयत्तेपुढे 'गेल्या वर्षी मागच्या वर्गात किती', 'त्यातली किती इथे', 'नवी किती' आणि 'जानेवारीत सरासरी हजर' असे चार रकाने वाढवायचे. दाखला न नेता गेलेल्या मुलांची यादी फळ्यावर नको, ती मुख्याध्यापकांच्या वहीत हवी: नाव, शेवटची हजेरी, कोणाशी बोललो, कधी बोललो, पुढचा फोन कधी.